कळमेश्वरची जागा

फादर, सेमिनरीच्या कचेरीत मी सहा वर्षं तुमची पत्रं टाइप केली, पण तुम्हाला स्वतःहून कधी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हाही नाही. आज लिहिते आहे, कारण मागच्या महिन्यात एकजण घरी आला होता. पण त्याच्याकडे यायच्या आधी मला त्या शेवटच्या वर्षाकडे जायला हवं.

मी नोकरीला लागले तेव्हा धर्मगुरू व्हायला आलेले साठ विद्यार्थी होते. शेवटच्या वर्षी अकरा उरले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या एकेक करून कुलूपबंद होत गेल्या. प्रार्थनेचं गाणं पूर्वी पार विहिरीपर्यंत ऐकू यायचं, ते आता कचेरीतही नीट पोचेना. जानेवारीत दोन अनोळखी माणसं टेप घेऊन आली आणि कुंपणाची भिंत मोजू लागली. माळीबाबांनी त्यांना विचारलं, "काहून मोजून राहिले जी?" त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि ती पुढे सरकली. आवाराच्या मागच्या अंगाला आम्हा नोकरमाणसांची चौदा बिऱ्हाडं होती. स्वयंपाकीण मावशी, धोबी, गुराखी, जीप चालवणारे माझे वडील. आमच्यातली काही घरं ख्रिस्ती, काही छप्पन साली बौद्ध झालेली. माळीबाबांचं घर त्यांतलं. पण नाताळला सगळ्यांच्या दारात कंदील लागायचा आणि कोणाच्याही घरी कोणी आजारी पडलं की आधी तुम्हाला हाक जायची. भिंत मोजून झाल्यावर त्या चौदा घरांतलं कोणीच त्याबद्दल मोठ्यानं बोललं नाही.

फेब्रुवारीत तुम्ही मला एक पत्र टाइप करायला सांगितलंत. उन्हाळ्यात सेमिनरी बंद, विद्यार्थी दुसऱ्या शहरात, इमारत आणि आवार रिकामं करून द्यायचं. 'आवार' हा शब्द टाइप करताना माझी बोटं थांबली. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "ईस्टर होऊ दे बेटा. सणाआधी कोणाच्या घरात हे नको. तोवर कोणाला बोलू नकोस." मी मान हलवली. कार्बनचा कागद मशीनमध्ये असतानाच पायरीवर चपला वाजल्या.

माळीबाबा दारात उभे आहेत. हातात टोपी, पायाला ओली माती. म्हणतात, "फादर, पोराले कळमेश्वरच्या कारखान्यात बोलावून राहिले. एकच जागा आहे म्हणते तो मुकादम. पाठवू, का इथंच माह्या हाताखाली राहू देऊ?" मी कागदाकडे बघते. तुम्ही विचारता, "तुम्हाला काय वाटतं?" ते हसतात. "मले तं इथंच बरं वाटते. यंदा संत्र्याची नवी ओळ लावतो. झाडं फळावर येईपर्यंत पोरगं तयार होईल. अन् तुम्ही आहाच ना." मग तुम्ही म्हणता, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कलमांसाठी खड्डे खणायला घेतले. बारा-बारा हातांवर एक, सरळ ओळीत. पावसाळ्यापर्यंत ते उन्हात तापू द्यायचे असतात. तुम्ही दुपारी व्हरांड्यात उभे राहून ते बघत असायचात आणि पुस्तक उघडं असूनही पान उलटत नव्हतं. तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. माझ्या मनात काय होतं, ते मात्र तुम्हाला कधीच कळलं नाही. म्हणून आता सांगते.

माळीबाबा येऊन गेले त्याच संध्याकाळी मी घरी सगळं बोलले. सेमिनरी बंद होते आहे हे, आणि कळमेश्वरला एक जागा रिकामी आहे हेही. माझा भाऊ मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी बसला होता. वडिलांनी विचारलं, "माळ्याले सांगितलं काय?" मी म्हटलं, "फादरनी मना केलं आहे." ते ताटात बोट फिरवू लागले. आई म्हणाली, "तेही लेकराबाळाचं घर आहे जी." वडील उठले, हात धुतले आणि म्हणाले, "मंग आपणही नाही सांगायचं." चार दिवसांत भाऊ कळमेश्वरला कामावर लागला. आवारात आम्ही सांगितलं की तो काटोलला मामाकडे राहायला गेला.

ईस्टरनंतर तुम्ही सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बोलावून ते सांगितलंत. मावशीनं तोंडाला पदर लावला. माळीबाबा एकटेच उभे राहिले. "त्या दिवशी मी इचारलं, तवा तुमाले ठाऊक होतं?" तुम्ही म्हणालात, "होय." ते बाहेर गेले. त्यानंतर ते तुमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

मे महिन्यात माळीबाबांच्या मुलासाठी तुम्ही तीनदा एस.टी.नं कळमेश्वरला गेलात. डोक्याला ओला पंचा बांधून परत यायचात, ओठ फाटलेले. जागा केव्हाच भरली, फाटकावरचा माणूस आतही जाऊ देत नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. मी तुमच्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवला. जागा कोणाला मिळाली हे तुम्ही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वरिष्ठांची पत्रं येत होती, ताबडतोब निघा. प्रत्येकाला तुम्ही तेच उत्तर सांगत होता, शेवटचं बिऱ्हाड मार्गी लागल्याशिवाय निघणार नाही. विद्यार्थी गेले, बाकं ट्रकवर चढली, वीज तोडली. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत तुम्ही एकटे राहिलात, पाळीपाळीनं आमच्या घरी जेवलात, आणि ओळखीच्या माणसांची दारं ठोठावून नंदनवन वस्तीकडे तेरा घरांना खोल्या मिळवून दिल्यात. चौदावं घर माळीबाबांचं. त्यांनी तुमची खोली घेतली नाही. नाल्याच्या काठी टिनाचं छप्पर घातलं. पाऊस आला आणि ते सगळे खड्डे पाण्यानं भरले. तुम्ही निघालात त्या दिवशी गाडीत बसताना मला विचारलंत, "माळीबाबा अजून रागावलेत का?" मी म्हटलं, "नाही फादर." त्यांनी माझ्यासमोर म्हटलं होतं, मरेपर्यंत त्याचं तोंड पाहणार नाही. तसंच झालं. ते तुमच्या आधी गेले.

मागच्या महिन्यात आला तो त्यांचा मुलगा. जन्मभर कळमन्याच्या बाजारात पोती वाहिली, आता कंबर सरळ होत नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. खुर्चीवर हळूहळू टेकला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या भावानं चांगलं केलं. पेन्शन आहे, घर आहे. आमचं वाटोळं त्या फादरनं केलं. एक शब्द बोलला असता तं मी आज कुठं असतो?" भाऊ कुठे नोकरीला होता हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, पण केव्हा लागला हे माळीबाबांच्या मुलानं कधी विचारलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, फादर. "हो ना," असंही म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. ज्याला द्यायला हवं त्याचा पत्ता मला पाठ आहे, चालत गेलं तर वीस मिनिटं लागतात. लग्नाला मी जाणार आहे. पत्र घेऊन जाणार नाही.