मला ताई म्हणणारी माझी मुलगी

मी, खाली सही करणारी, वय तेहतीस, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात, पण काळजी हाच माझा स्वभाव.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्याकडचे दुकान, माझ्या मुलीला मिळावे. सगळे जिला माझी धाकटी बहीण समजतात, तीच ही. सोळाव्या वर्षी मी तिला जन्म दिला. आईने 'हे माझंच शेंडेफळ' असे सांगितले आणि शाळेतही आई म्हणून स्वतःचेच नाव लावले. पोर तिला आई म्हणते, मला ताई. ती बारा वर्षांची झाल्यावर मी तिला खरे सांगितले. ती म्हणाली, "बरं. ताई, भूक लागलीय." आजही ती दारातून माझ्या आईला "आई गं" अशी हाक मारते आणि माझा नुसता जळफळाट होतो.

२. मशीन, कात्र्या व इस्त्री विकून आलेले पैसे तिच्या कॉलेजला लावावेत. तिने मशीनवर बसू नये. ती मैत्रिणींबरोबर खिदळत क्लासला जाते तेव्हा मला तिचाही हेवा वाटतो. त्या वयात मी एका हाताने पाळणा हलवत गुंड्या लावत होते. मात्र मला जे कोणी सांगितले नाही, ते सगळे मी तिला समोर बसवून सांगितले आहे. ती लाजून कान झाकत होती, मी तिचे हात बाजूला करत होते.

३. मुलीच्या बापाला काहीही देऊ नये. गल्लीत त्याला हिरो म्हणत. "एवढ्यानं काही होत नाही गं," असे तो म्हणाला आणि मला ते पटले, कारण शाळेत बाईंनी तो धडा 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. मी बाळंत झाले त्या वर्षी तो परीक्षा पास झाला. आता साहेब आहे.

४. आईलाही काही ठेवलेले नाही. राग आहेच. आख्ख्या गल्लीतल्या बायकांची मापे घेणारी ही बाई, पण माझ्या शाळेच्या स्कर्टची कंबर तिने तीनदा उसवून सैल केली आणि दर वेळी "कमी खा" एवढेच म्हणाली. नंतर पोर मात्र जिवापाड वाढवली, आणि मी तिच्यावर जळते ती त्यासाठीच. पण काही न ठेवण्याचे कारण वेगळे आहे. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला यातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला आईची सही हवी आहे. तिला घरातून कोणी उठ म्हणणार नाही, पोरीचा तेवढा जीव आहे तिच्यावर.

हे सगळे आईला वाचून दाखवले. 'माझ्या मुलीला' या शब्दांवर तिने मला थांबवले.

"हे असंच राहू द्यायचं?"

"असंच."

"मग मी कोण म्हणून लिहू?"

"तुझं तू ठरव."

तिने माझ्या हातातून पेन घेतले.

स्थळ : दुकान, कापडे बेतायचे टेबल
दिनांक : ४ मार्च, बुधवार
लिहून देणार : (सही)

साक्षीदार :
१. औषधाच्या दुकानाचे मालक. नाते : शेजारी. (सही)
२. शिवणकाम करणारी. नाते : मुलीची आजी. (सही)