विहिरीच्या मागं काही नाही

४ फेब्रु., लुधियाना
उस्ताद शेवटी हो म्हणाला. बलबीरच्या ट्रकचा मागचा फाळका मी रंगवणार. एकटा. जमलं त पुढून चित्राचा ब्रश माह्या हाती. नाही त परत पॉलिशपेपर घासणं. दोन वर्सं घासलं, आता बस.

बलबीरले मोर नको, गाय नको. लहानपणची विहीर पाहिजे. ती कवाच बुजली, फोटो नाही. उस्ताद छाप उठवाचा, भोकं पाडलेला जुना कागद काढून म्हणे, "खाका लगा, सब कुएँ एक जैसे." म्हटलं, नाही. त्याले बोलू द्या, मी काढतो.

५ फेब्रु.
बलबीर चहा पेत सांगे, मी टिपून घेतलं. बारक्या विटा. रहाटाचे डबे, एक गळका. डाव्या अंगाले शिसम, फांदीले झोका. "और पीछे?"
"पीछे कुछ नहीं."
सहावीत शाळा सोडली, पण एवढं लिहिण्यापुरतं येते. बाकी ब्रश पाहून घेईन.

७ फेब्रु.
झालं! गळक्या डब्याचं पाणी असं उतरलं का उस्तादनं बोट लावून पाह्यलं. शाबास म्हणाला नाही. पण चहा आज त्यानंच आणला.

८ फेब्रु.
बलबीर आला. झोक्याच्या दोरीवरून बोट फिरवलं. मंग म्हणे, "ओए, ये पहाड़ कहाँ से आया?"

पाह्यलं. खरंच. विहिरीमागं निळा सातपुडा. जळगाव जामोदले आमच्या वावरातून दिसते तसाच, डावा खांदा पडलेला. कवा काढला, देवाशपथ आठवत नाही. इकडं त चहूकडं सपाट.

उस्ताद पेटला. "बताया क्या, बनाया क्या! आसमान का रंग ले, मिटा." बलबीर म्हणे, सकाळी पाहतो, मंगच गाडी नेतो.

संध्याकाळी मायले फोन केला.
"माय, आपल्या विहिरीच्या मागं काय हाय?"
"काही नाही. काऊन रे?"
"अन् डोंगर?"
"तो त हायेच ना! तो काय सांगा लागते?"

९ फेब्रु.
आभाळाचा रंग कालवून ठेवला. ब्रश कोरडाच हाय. उस्ताद दोनदा डोकावून गेला. मी काही असाच पुसत नाही. आधी बलबीरले विचारीन, तुह्या 'कुछ नहीं'त काय काय होतं, सांग. ते बी काढतो.

फाटकापाशी कोणी खाकरलं. बलबीरच हाय.