प्रतीक्षायादीतली पहिली

प्रिय सकिना,

गेले तीन रविवार मी तुला येऊ नकोस म्हणून कळवतेय. एकदा पाहुणे आहेत म्हटलं, एकदा डोकं दुखतंय म्हटलं आणि मागच्या खेपेला तर केंद्रशाळेत बैठक आहे असं सांगितलं. रविवारी कसली बैठक, हे तुझ्याही मनात आलं असेल. पाहुणे नव्हते आणि डोकंही ठीक होतं. आज शनिवार, सकाळची शाळा. मुलं घरी गेल्यापासून मी रिकाम्या वर्गात हे लिहायला बसलेय. दोनदा उठून पटांगणाला फेरी मारली. फळा पुसला, तो आधीच कोरा होता.

माझा निकाल तू स्वतःच मोबाइलवर उघडून दाखवलास. दीडशेपैकी नव्वद हवे होते, चौऱ्याऐंशी आले. पंचवीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली, आणि आता न्यायालयाच्या निकालामुळे मला दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायचंय, नाहीतर नोकरी सोडायचीय. शाळेत कुणी काही बोलत नाही. मुख्याध्यापक गुरुप्रसाद सर मात्र हल्ली माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलतात. घरी मी जेवताना उठते, पुस्तक उघडते, मिटते. यांना वाटतं परीक्षेचा धसका घेतलाय. तसं वाटतंय तेच बरं, म्हणून मी त्यांना काही सांगितलं नाही.

तू मात्र पास झालीस. सकाळी माझा पहिला पेपर होता, दुपारी तुझा वरच्या वर्गांसाठीचा दुसरा, एकाच केंद्रावर. मी बाहेर आले तेव्हा तू गेटपाशी डबा घेऊन उभी होतीस, आणि स्वतःचा पेपर तासाभरावर असताना मला एकेक प्रश्न विचारत होतीस. ते बालमानसशास्त्र सगळं तूच माझ्याकडून करून घेतलं होतंस. मी नोकरीतली बाई आणि तू नवी बी.एड., पण शिकवत होतीस तू.

तू इथवर कशी आलीस ते मला ठाऊक आहे. कुवेतहून परत आल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलंस, निदा कॉलेजात जायला लागली तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी प्रवेश परीक्षा दिलीस, आणि लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर दोन वर्षं पाठ घेतलेस. आमच्या शाळेतल्या सरावासाठी कॉलेजने पाठवलेल्या यादीत तुझं नाव वाचलं तेव्हा मी ती यादी उलटी घालून ठेवली. तू दारातून हसत आलीस आणि म्हणालीस, “आता तुला बाई म्हणायचं हां मी.”

तुझा सहावीवरचा पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिला. अपूर्णांकांचा गुणाकार. तू मुलांना सांगितलंस की तुझे वडील होडीवर जाताना घड्याळ बघत नसत. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा. मग मुलं आपणहून दशमी, द्वादशी करत सुटली. समुद्रापासून इतक्या लांबची ही पोरं, पण दुसऱ्या दिवशी घरून कालनिर्णय घेऊन आली. इतक्या वर्षांत माझ्या एकाही पाठानंतर असं झालेलं नाही. निरीक्षण वहीत मी तुला पूर्ण गुण दिले. तू म्हणालीस, मैत्रीखातर दिलेस. तसं नव्हतं गं.

मग आली शिक्षकभरती. पदवी आहे, बी.एड. आहे, पात्रता परीक्षा पास आहे, फक्त वय बसत नाही. तुला आधीपासून अंदाज होता, तरी काहीतरी सवलत निघेल म्हणून तू दोन कार्यालयांत विचारून आलीस. त्या दिवशी माझ्या ओटीवर बसून तू चहा घेतलास, मुळीच रडली नाहीस, आणि म्हणालीस, “उशीर मीच केला, दर्शना. बारावीनंतर एकदा डी.एड. कॉलेजात जाऊन विचारून यायला हवं होतं. मुलीने उठून चौकशी करावी एवढी अक्कल नव्हती.” मी कप उचलून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

सकिना, चौकशी करायची गरज नव्हती. आपण दोघी प्रतीक्षायादीत होतो, तू पहिली आणि मी दुसरी. जयगडला तुमच्याकडे फोन नव्हता, म्हणून तू अर्जावर रत्नागिरीतल्या माझ्या मावशीचा नंबर दिला होतास. त्यावर फोन आला. मावशी बाजारात होती, मी तिच्याकडे आले होते, फोन मी उचलला. कॉलेजातला माणूस म्हणाला, “सकिना होडेकरना निरोप द्या, एक जागा रिकामी झालीय. उद्या बारापर्यंत मूळ दाखले घेऊन यायला सांगा, नाहीतर पुढच्या नावाला देऊ.” मी म्हटलं, “सांगते.” आणि खरंच निघाले. स्टँडवर गेले, जयगडच्या गाडीत बसले, तिकीट काढलं. हातखंब्यापर्यंत मनात तुझंच नाव होतं. पण पुढचं नाव माझं होतं. निवळी फाट्यावर मी उतरले आणि समोरून आलेल्या गाडीने परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा फोन वाजला, तो माझ्यासाठी. वर्षाच्या आत तुझं लग्न झालं. मी मेंदी लावायला आले होते.

माफी मागायला हे लिहीत नाही. माफीने तुझं वय मागे जाणार नाही आणि मी नोकरी सोडली तरी ती जागा तुला मिळणार नाही. दोन्ही गोष्टींचा विचार करून झाला. मी लिहितेय ते एवढ्याचसाठी की त्या दिवसापासून तू स्वतःला दोष देतेस, आणि ते मला ऐकवत नाही. काल तुझा निरोप आला, पुढच्या परीक्षेचा अभ्यास या रविवारपासून लावू, तू नुसती हो म्हण. हे तुला कळल्याशिवाय मी तुझ्यासमोर वही उघडून बसू शकत नाही. तू यावंस की नाही ते आता तू ठरव. नाही आलीस तर मी कारण विचारणार नाही. पण एवढं मात्र मनातून काढून टाक की तुला अक्कल नव्हती, की तू उशीर केलास. तू वेळेवर होतीस. तुला बोलावणं आलं होतं, आणि ते मी पोचू दिलं नाही.

तुझी म्हणवून घ्यायला आज धजत नाही, तरी तुझीच,
दर्शना