साठ्यांनी पाहिलेलं बाझल

अल मजाज, १७ एप्रिल २००९

शेजारचे साठे स्वित्झर्लंडचं बाझल पाहून आले. इथे आखातात मंदीत माझा पगार निम्मा झाला, आमची तिथली तिकिटं रद्द झाली, म्हणून आज त्यांच्या घरी बसून फोटो बघितले. गेलोच कशाला? भूकंपातून पुन्हा उभं राहिलेलं, शतकानुशतकं आपली घड्याळं जगापेक्षा तासभर पुढे ठेवणारं हट्टी गाव, आणि यांच्या फोटोंत नुसती दुकानं!

“होडीची मोटर काय स्मूथ हो!” साठे म्हणे.

मोटर? ती होडी तारेला बांधलेली असते, ऱ्हाइनचा प्रवाहच तिला पलीकडे नेतो. सांगितलं तसं.

“भाऊजी, तुम्ही कधी बसलात?” साठेवहिनी हसल्या.

तिथलं म्हणून आणलेल्या चॉकलेटवर किमतीचं लेबल दिरहॅमचं. दुबई विमानतळ! मूर्ख माणसं.

तरी निघताना विचारलंच, “होडीत पाण्याचा आवाज येतो का हो?”

“लक्ष नाही दिलं,” साठे म्हणाले.