न लागलेली आग

प्रिय आबा,

हे तुम्ही असताना समोर बसून बोलायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही, आणि तुम्हीही विषय काढला नाहीत. आता मात्र थांबता येत नाही. येत्या रविवारी सोसायटीच्या बागेत तुमच्या नावाचा बाक बसवणार आहेत. सेक्रेटरी फडतरेकाकांनी त्याच्या पाटीचा मजकूर काल ग्रुपवर टाकला: ‘एकाहत्तरच्या युद्धात जळत्या कोठारात शिरून कामगारांचे प्राण वाचवणारे शूर अग्निशामक.’ खाली सगळ्यांनी हात जोडले आहेत.

ते वाक्य माझं आहे, आबा. आणि ते खोटं आहे.

तीन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला सोसायटीने ज्येष्ठांचे सत्कार ठरवले, तेव्हा फडतरेकाका मला म्हणाले होते, “आजोबांची माहिती लिहून दे, एक पान.” मी वही घेऊन तुमच्यापुढे बसले. साताऱ्याकडून येऊन पिंपरीतल्या कंपनीच्या फायर ब्रिगेडमध्ये तुम्ही नुकतेच लागला होतात आणि लढाई सुरू झाली, एवढं मला माहीत होतं. मी पहिलाच प्रश्न विचारला, “लढाईत किती आगी विझवल्या?”

“एकबी न्हाई.”

“असं कसं, आबा?”

“अगं, इथं बॉम्ब पडलाच न्हाई. इझवू काय, चूल?”

मग तासभर तुम्ही खुशीत बोलत होतात. शाळेच्या मैदानात खणलेले खंदक. तुम्ही राहायचात त्या चाळीतल्या खिडक्यांना खळ लावून चिकटवलेले काळे कागद. स्ट्रेचर कसं उचलायचं ते तुम्ही बायकांना शिकवत होतात, आणि त्या तुम्हालाच स्ट्रेचरवर घालून चाळभर फिरवत होत्या. आणि कोणाला मदत लागेल त्याची तुम्ही केलेली यादी: कोणाला चालता येत नाही, कोणाला दिवस गेलेत, कोणाला ऐकू येत नाही.

ऐकू न येणारी एकच होती. पारूबाई, चाळीच्या टोकाच्या खोलीतली, एकटी. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळे खंदकाकडे पळत, आणि ही घाबरून आतून कडी लावून बसे. दार वाजवून उपयोग काय? म्हणून तुम्ही तिच्या मनगटाला सुतळी बांधलीत आणि दुसरं टोक खिडकीतून बाहेर सोडलंत. दोनदा ओढली की तिने उठून दार उघडायचं. गुडघ्यांमुळे तिला खंदकात उतरता यायचं नाही, म्हणून तुम्हीही उतरायचा नाहीत. दोघं भिंतीला टेकून बसायचात, भोंगा पुन्हा वाजून सगळं ठीक म्हणेपर्यंत.

“तुम्हाला भीती नाही वाटायची?”

“वाटायची की. मी तिचा हात धरायचो का ती माझा, कोण जाणे.”

यातलं काहीच मी लिहिलं नाही. वही मिटली, आत गेले आणि कागदावर एका कोठाराला आग लावली.

का? शेजारच्या विंगमधल्या सुभेदारकाकांचाही सत्कार होता. त्यांच्या छातीवर पदकं असणार, आणि आमचे आबा काय, तर सुतळी ओढत होते? लोक हसतील असं मला वाटलं. तुमची लाज वाटली नाही, आबा, शपथ. तुमचं काम कमी वाटलं. पण यात फरक किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि हे मी करावं? चाकणच्या कारखान्यात मी क्वालिटी तपासते; तिथे केसभर माप चुकलं तर मी अख्खा लॉट अडवते. गॅस बंद आहे का ते तीनदा बघून घराबाहेर पडते. ही सवय तुमचीच. शाळेत घालायच्या आधी रोज संध्याकाळी तुम्ही मला कट्ट्यावर बसवून दिवसभर काय पाहिलं ते सांगायला लावायचात. मी एखादा कुत्रा जास्तीचा घातला की म्हणायचात, “परत सांग. दिसलं तेवढंच.”

त्या दिवशी मला ‘परत सांग’ का म्हणाला नाहीत?

स्टेजवर माझं पान वाचलं गेलं, टाळ्या झाल्या, खांद्यावर शाल आली. माइक हातात दिला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “मी काय बोलू? पोरीनं लिवलंय.” लोक हसले. केवढा साधा माणूस, म्हणाले. घरी शालीची घडी घालताना तुम्ही विचारलंत, “त्या कोठारातला गडी कोण गं? मला कधी भेटला न्हाई.”

मी म्हणाले, “आबा, सत्काराला असंच लिहितात.”

त्यानंतर तुम्ही लढाईचं काही सांगितलं नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, “तुला ठावं हाय की समदं.” सोसायटीतली मुलं मात्र बागेत तुम्हाला घेरायची: आजोबा, ती आगीची गोष्ट सांगा ना. गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही उठायचात. पुढे बागेत जाणंच सोडलंत. बाबा म्हणायचे, वय झालं. मला कारण माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. ज्या बागेतून मी तुम्हाला उठवलं, तिथेच आता तुमच्या नावाचा बाक येतोय.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आता कशाला उकरतेस? माणूस गेला. चांगलंच लिहिलंयस ना?”

“चांगलं आहे, पण त्यांचं नाही.”

तिथून मी मग फडतरेकाकांकडे गेले. ते वैतागले. “अगं, पाटी टाकलीय करायला. आणि आता काय, सुतळी लिहू त्यावर?” मी म्हटलं, मग नुसतं नाव लिहा. चष्मा पुसत ते शेवटी म्हणाले, “बरं, नुसतं नाव. पण ग्रुपवर तुझं तू सांग. मी नाही सांगणार.”

मेसेज लिहून ठेवलाय. चार वेळा वाचला. हे पत्र संपलं की पाठवणार आहे, आणि रविवारी सगळ्यांसमोर पारूबाईची गोष्ट सांगणार आहे, तुम्ही सांगितलीत तेवढीच.

मुलं विचारतील, पुढे तिचं काय झालं? लढाई संपल्यावर ती सुतळी कोणी सोडली? त्या दिवशी मी हे विचारलंच नाही, आबा. मला आग हवी होती ना. तुम्हाला वचन देते, मी काहीही रचून सांगणार नाही. मुलांना म्हणेन, मला माहीत नाही. आजोबांना माहीत होतं, आणि मी विचारलं नाही.

तुमची,
सायली