कात्री प्रकरणातून वडिलांना उठवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वृत्ताधिकारी,
राष्ट्रीय वृत्तकक्ष, तिसरा मजला.
(पहारेकरी वर सोडत नाही, म्हणून अर्ज त्याच्याच हाती दिला आहे.)

विषय : संध्याकाळच्या ठळक बातम्यांत माझ्या वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची एक ओळ वाचण्याबाबत.

संदर्भ : याच विषयाचा माझा मागील अर्ज. त्यावर आपल्या कार्यालयाने ‘आमचा कार्यक्रम आवडल्याबद्दल आभार’ असे कळवले. मला कार्यक्रम आवडल्याचे मी कुठेही लिहिले नव्हते.

महोदय,

१. मी बसस्थानकाच्या मागे किल्ल्या बनवून देतो. शाळा अर्धवट सुटली, लिहिणे माझे मीच शिकलो. त्यामुळे एखादा शब्द टोचला तर टोचू द्यावा. किल्ली असो की अर्ज, कानस मारून गुळगुळीत केली की ती कुलपात नुसतीच फिरते, हा माझा अनुभव आहे.

२. वडील माझ्याकडे असतात. बसस्थानकावर ते उद्घोषक होते. कोणती गाडी कुठे लागली, कोणती रद्द झाली, हे त्यांनी उभा जन्म भोंग्यातून सांगितले. त्यामुळे भोंग्यातून आले ते खरे आणि घरातले माणूस बोलले ती कुजबुज, असा त्यांचा पक्का ग्रह आहे. सध्या त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. आपली वाहिनी त्यांना धुक्यासारखी दिसते, तरी ते तिच्यासमोरून हलत नाहीत. पडद्याखाली जी पट्टी धावते ती माझी पत्नी शेजारी बसून, भाजी निवडत, मोठ्याने वाचून दाखवते.

३. आता जे लिहितो ते पत्नीच्या परवानगीने. वडील जेवायला उठत नसत. हाका मारून घसा बसला, तेव्हा एके दिवशी तिने वैतागून पट्टीच्याच सुरात वाचले, ‘विरोधकांचा सभात्याग. ज्येष्ठांनी ताबडतोब जेवून घ्यावे, मंत्रिमंडळाचा निर्णय.’ वडील उठले, हात धुतले आणि पाटावर बसून म्हणाले, “उशिरा का होईना, सरकारला जाग आली म्हणायची.” तेव्हापासून आमचे घर याच मार्गाने चालते. ‘आंघोळीबाबत सरकार ठाम.’ ‘रक्तदाबाच्या गोळीवर सर्व पक्षांचे एकमत.’ हे बरे नव्हे, असे मी पत्नीला एकदा म्हणालो. “मग तुम्ही बसा वाचायला,” ती म्हणाली. मी दुकानात गेलो.

४. आता आपल्या कात्रीकडे येतो. पुलाच्या उद्घाटनाला मंत्री आले, विरोधी पक्षाचे नेतेही आले, आणि फीत कापायची वेळ झाली तेव्हा तबकातली कात्री गायब. एवढीच गोष्ट. सकाळी आपण सांगितले, ‘कात्री कुठे?’ मग सांगितले, ‘कात्री होती का?’ दुपारपर्यंत दोन्ही पक्षांनी एकेक कात्री दाखवून हीच ती म्हणून शपथा घेतल्या. आपण चार माणसे चार चौकोनांत बसवलीत आणि चौघांना एकदम बोलायला लावलेत. त्यातला एक शिंपी होता, तेवढा शहाणपणाचे बोलत होता, म्हणून त्याचाच आवाज आपण बंद केलात. त्या दिवशी देशात दुसरे काही घडले असल्यास आम्हाला कळलेले नाही. पूल चालू झाला का, हेही आपण सांगितले नाही. आम्ही अजून वळसा घालून जातो.

५. नेमके त्याच दिवशी वडिलांचे ऑपरेशन होते. याआधीची तारीख आपल्या ‘खुर्ची प्रकरणात’ गेली होती. डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते, “मोतीबिंदू पिकलाय. आणखी लांबवलंत तर आतल्या आत फुटेल आणि डोळा हातचा जाईल.” दारात रिक्षा उभी. वडील म्हणाले, “आधी कात्री सापडू दे. मग डोळेच काय, नाकसुद्धा कापा माझं.” मी विनवण्या केल्या. रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. शेवटी पत्नीने भाजीची टोपली खाली ठेवली आणि तिला सुचले ते वाचले, ‘सरकार कोसळले. कात्री प्रकरण संपले. वृत्तसेवा आजपुरती बंद. नागरिकांनी आपापल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जावे.’

६. वडील उठले. पण ते रिक्षाकडे न जाता थेट गच्चीवर गेले. आयुष्यभर गाड्या पुकारलेल्या माणसाच्या हाती सरकार पडल्याची बातमी आली, तो ती खिशात घालून दवाखान्यात जाईल, असे आम्हाला वाटले ही आमची चूक. दोन्ही तळवे तोंडाशी धरून त्यांनी पुकारले, “लक्ष द्या. सरकार रद्द झाले आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” त्या आवाजावर या गल्लीने वर्षानुवर्षे गाड्या पकडल्या आहेत. कोणी शंका घेतली नाही. समोरच्या मास्तरांनी शिकवणी सोडून दिली. कोपऱ्यावरच्या सत्ताधारी कार्यकर्त्याने आपल्या हाताने आपल्या पक्षाची पाटी उतरवली, तासाभरात दुसऱ्या पक्षाची लावली, पेढे म्हणून बिस्किटे वाटली. आता तो दोन्हीकडे तोंड दाखवू शकत नाही आणि मागच्या दाराला कुलूप लावून घ्यायला माझ्याकडे आला होता. ही सगळी मजा बघायला आमचा रिक्षावालाही गेला. ऑपरेशनची वेळ टळली ती टळलीच.

७. संध्याकाळी चौकीतून हवालदार आले. “सरकार कुणी पाडलं?” त्यांनी विचारले. वडील ताठ उभे राहून म्हणाले, “मी फक्त पुकारलं. पाडल्याचं माझ्या सुनेनं वाचलं.” हवालदारांनी पत्नीकडे पाहिले. ती पीठ मळत होती. तिने सगळे सांगून टाकले, जेवणाच्या निर्णयापासून. हवालदारांनी वही मिटली आणि हळूच विचारले, “आमच्या म्हातारीला जमेल का असं? गोळ्या घेत नाही ती.” सरकारी यंत्रणेत आम्हाला भेटलेला कामाचा माणूस हा एवढाच.

८. मात्र वडिलांनी हे सगळे ऐकले. तेव्हापासून ते घरातल्या कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. पत्नीने ‘पाऊस’ वाचले तरी खिडकीबाहेर हात काढून बघतात. डॉक्टरीण बाईंनी मोठ्या मनाने येत्या सोमवारची तारीख दिली आहे आणि यानंतर जबाबदारी घेणार नाही असे बजावले आहे. वडिलांचे म्हणणे एकच, “संध्याकाळच्या बातम्यांतली ती बाई सांगेल तेव्हा जाईन.” आपल्या त्या बाईंना दिवसाला शंभरदा ‘कात्री’ म्हणायला वेळ आहे, तर एकदा ‘मोतीबिंदू’ म्हणायला जीभ आखडू नये. मंत्री शिंकले तरी आपण पट्टी सोडता. इथे एका माणसाचा डोळा चालला आहे. तो मंत्री नाही म्हणून त्याचा डोळा लहान आहे का, याचा लेखी खुलासा मागण्याचा मला हक्क आहे आणि तो मी मागणार.

९. इथवर लिहून मी हा अर्ज काल वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतले. मग पत्नीच्या दिशेने, म्हणजे दिसत नसल्याने कपाटाच्या दिशेने, म्हणाले, “डोळे बरे झाले की पट्टी मला दिसणार. मग मीच वाचणार. मग तू कशाला येऊन बसशील इथं?” पत्नी भाजी निवडत होती ती तशीच थांबली. किल्ली कोणत्या कुलपाची हे मी नुसत्या हाताने ओळखतो म्हणून गावभर सांगतो. घरातले हे कुलूप मला इतक्या दिवसांत कळले नव्हते.

१०. तरी मागील अर्जातील ‘ऑपरेशनला जावे’ ही ओळ रद्द समजून पुढील ओळ रविवारच्या बातम्यांत, कात्रीच्या आधी, सावकाश वाचावी : ‘डोळे बरे झाल्यावरही सून शेजारी बसून बातम्या वाचणार. निर्णय कायम.’ पत्नीची संमती घेतली आहे. ही बातमी खरी आहे. आपल्याला अशी सवय नसल्यास खात्री करायला माणूस पाठवावा, ती दुपारी वडिलांच्या शेजारीच असते.

आपला, रविवारपर्यंत नम्र,
(सही)
किल्लीवाला, बसस्थानकामागे

दिनांक : कात्री न सापडल्याचा आणखी एक दिवस

सोबत :
(अ) डॉक्टरीण बाईंची चिठ्ठी.
(आ) वडिलांचा फोटो. बातम्यांच्या बाईंनी तो समोर ठेवून वाचावे. वडिलांना दिसत नसले, तरी कोण आपल्याशी बोलते आहे आणि कोण नुसते वाचते आहे, हे त्यांना कळते.