पाळण्याची टेप

साखर पेठ, सोलापूर
९ डिसेंबर १९७९

प्रिय रुक्मिणी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर नाही म्हणून तू गाल फुगवून बसली असशील. बैस. त्या पत्राचं उत्तर नुसत्या पत्रानं देता येण्यासारखं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी करणारं कुणी नाही म्हणून सासूबाईंनी करमाळ्यातच ठेवून घेतलं, मला त्याचं काही वाटत नाही, असं तू लिहिलंस. काही वाटत नाही म्हणून लिहिण्याची तुझी पद्धत मला चांगली माहीत आहे. आणि खाली बारीक अक्षरात, बाळाच्या बारशाला आईचा पाळणा तेवढा ऐकवा, मला तिचा आवाज आठवत नाही. ते वाचलं आणि स्टूल घेऊन कपाटावरची टेप खाली काढली.

ती टेप कशी झाली हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुझ्या बारशाला गिरणीतल्या एका साहेबांनी हौसेनं आपला जर्मन टेपरेकॉर्डर आणला होता. मोठ्या चकत्यांचा, उचलायला दोन माणसं लागणारा. बायका आधी लाजल्या, मग माईकसमोर एकमेकींना ढकलत बसल्या. तुझी आई मात्र खाटेवरून उठून आली, पाळण्याची दोरी धरली आणि सरळ गायला लागली. काही शिकलेली नव्हती, मंगळवेढ्याच्या शेतातली पोर, पण आवाज असा खणखणीत की शेजारच्या मागांच्या खडखडाटातूनही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. यशोदाबाईनं मीठ मागितलं तर सगळ्या पेठेला कळतं, असं मी तिला चिडवायचो. साहेबांनी जाताना ती चकती आम्हाला भेट दिली. तू दोन वर्षांची असताना तुझी आई गेली. टेप वाजवायला घरात यंत्र नव्हतं, आणि असतं तरी मी वाजवली नसती.

आपल्या नागप्पाच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चकतीचा एक जुना रेकॉर्डर धूळ खात पडला होता. तो घरी आणून दुरुस्त केला, टेप चढवली आणि कान स्पीकरला लावून बसलो. रुक्मे, माझी फार निराशा झाली. मागांचा धडधडाट होता, विजेची घूं घूं होती आणि त्यांच्या मागे कुठंतरी जाड गोधडीत गुंडाळल्यासारखी तुझी आई. आवाज तिचा, सूर तिचा, पण शब्द एक कळेना. म्हटलं, इतक्या वर्षांच्या सोलापूरच्या उन्हाळ्यांनी टेप मेली. टेप जुनी झाली की आधी बारीक आवाज जातो, हे मी वाचलं होतं.

मग ठरवलं की इक्वलायझर बनवायचा. नाव मोठं आहे, तू घाबरू नकोस. रेडिओवर आवाज जाड-बारीक करायचं एक बटण असतं ना, तशी ओळीनं पाच. एक खर्जाचं, एक अगदी बारीक आवाजाचं, बाकीची अधलीमधली. विजेची घूं घूं खाली दाबायची, बाईमाणसाच्या आवाजातली धार वर उचलायची, आणि सगळं मनासारखं जमलं की त्यावरून पक्की प्रत काढायची. बाहेर गाणी छापणाऱ्या कंपन्यांकडे अशी यंत्रं असतात. मी एका इंग्रजी मासिकातल्या नकाशावरून बनवायला घेतला. सुटे भाग मुंबईहून मागवले. त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी लागतात, ती विकत कुठं मिळेनात. तुझ्या आईच्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायची जागा आहे ना, तिथं लाकडी रीळ बसवून मीच ती गुंडाळली. पायाखाली मशीन चालू झालं तेव्हा थोडा वेळ नुसताच पाय हलवत बसलो. बटणं टक टक करत ठरलेल्या जागी थांबणारी घेतली, म्हणजे एकदा जमलेलं पुन्हा तसंच लावता येतं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींवर चादरी टांगल्या. पेठेतल्या बायकांना वाटलं, अण्णांनी चादरींचं दुकान काढलं. भाव विचारायला आल्या.

दिवाळीच्या सुमाराला डबा तयार झाला. मी बारीक आवाजाचं बटण एकेक घर वर नेत गेलो. शेवटच्या घरावर नेलं तेव्हा कुठं शब्दांच्या कडा दिसायला लागल्यासारखं वाटलं. एवढा आनंद झाला की नागप्पाला आणि तुझ्या बाळामावशीला बोलावून घेतलं. टेप सुरू झाली आणि मावशीनं पदरानं कान झाकले. "दाजी, बंद करा की ओ, लई चिरतंय," म्हणाली. नागप्पा म्हणाला, नुसती शिट्टी वाजतीय. मला राग आला. नागप्पाच्या तोंडात कायम पान, त्याचं बोलणं हल्ली मला निम्मं कळतच नव्हतं, आणि हा मला आवाज शिकवणार. मी त्याला नाही ते बोललो. इतक्या वर्षांचा दोस्त, पानसुपारीसुद्धा न घेता उठून गेला.

मी पुन्हा कामाला लागलो. वेटोळी सोडवून नव्यानं गुंडाळली, स्पीकर बदलला. परत तेच. मला हवं तेवढं उचललं की बाळाबाई कान झाकणार, आणि तिला बरं वाटेल तिथं ठेवलं की माझ्यासाठी तुझी आई परत गोधडीत. शेवटी नागप्पाच आला. त्याचं मन माझ्यापेक्षा मोठं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. येताना दुकानातलं एक तपासणीचं यंत्र घेऊन आला. त्यातून एकच सूर निघतो, तो जाड करत करत अगदी बारीक नेता येतो, आणि सूर किती मोठा आहे ते काटा दाखवतो. त्यानं सूर चढवत नेला. चढता चढता सूर थांबला. मी म्हटलं, नागप्पा, तुझी तार सुटली बघ. त्यानं काट्याकडे बोट केलं. काटा उभा थरथरत होता. मागे बाळाबाईनं कान दाबून धरले होते.

मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. मला नुसती गुणगुण आली. वळून माझ्याकडे बघत तेच परत म्हणाला, "अण्णा, तुमी आमचं ऐकत न्हाई, तोंड वाचताय." तेवढं मात्र अक्षर न् अक्षर कळलं.

तुला गिरणीतलं मागखातं आठवत नसेल, लहानपणी एकदा भोंग्याच्या वेळी डबा द्यायला आली होतीस आणि रडत पळालीस. शेकडो माग एकदम चालतात तिथं कानात बोललेलंही ऐकू येत नाही. सगळे ओठांवरून बोलतात. मी वायरमन म्हणून जन्म तिथं काढला. पंख्याच्या पलीकडून कुणी शिवी दिली तरी मला कळायची. बाहेर आल्यावरही मी तेच करत राहिलो आणि आपल्याला ऐकू येतंय असं समजत राहिलो. माणसांचं सगळं कळतंय आणि फक्त टेपचं कळत नाही, म्हणजे दोष टेपचाच, असा माझा सरळ हिशेब. टेपला तोंड नसतं हे काही डोक्यात आलं नाही. कानाच्या डॉक्टरांनाही दाखवलं. नस गेलीय म्हणाले, यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, शब्द येणार नाहीत. मला फार वाईट वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. घरी येऊन डब्यावर चादर टाकली आणि त्याच्याकडे पाठ करून बसलो.

बाळाबाईनं मला उठवलं. ती म्हणाली, तुमचे कान न्हाईत तर माझे घ्या, पोरीनं मागितलंय ते द्यायला नको व्हय. तिला स्पीकरसमोर बसवलं, मी तिच्यासमोर बसलो आणि तिच्या तोंडाकडे बघत बटणं फिरवली. भुवया जवळ आल्या की एक घर खाली, मान पुढं आली की एक घर वर. खर्जाचं बटण खाली नेलं तसे तिचे खांदे सैल झाले. मग मधलं बटण एका जागी थांबलं आणि बहिणीच्या आठवणीनं तिचे डोळे भरून आले, ओठ हलायला लागले. तुझ्या आईबरोबर ती पाळणा म्हणत होती. तिच्या ओठांवरून मी तो सगळा ऐकला. सगळी कडवी. बटणं तिथंच ठेवली आणि कॅसेटवर प्रत काढली.

ती कॅसेट या पत्रासोबत शेजारच्या गुरप्पाच्या हाती पाठवतोय. तो बाजाराच्या कामानं करमाळ्याला येतोय, पोस्टावर माझा भरवसा नाही. तुझ्या दिरांनी मस्कतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर लाव. जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार सांग. बारशाला मी येईन, पण मला पुढं बसवू नकोस. बायका गात असताना मी बाळाकडे बघत बसेन.

आता एक काम आहे, आणि खरं तर त्यासाठीच एवढं लांबण लावलं. बाळाबाईसमोर मी गाणं संपताच टेप थांबवली होती. पण पाळणा संपल्यावर साहेबांचं यंत्र थोडा वेळ तसंच चालू राहिलेलं आहे, आणि तुझ्या कॅसेटवर तेवढा भाग मी नंतर एकट्यानं उतरवून घेतलाय. बायका हसतात, मग तुझी आई माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात काहीतरी बोलते. मागते आहे एवढं सुरावरून कळतं. त्यावर माझा आवाज येतो. माझा जाड आवाज, तो मला अजून स्वच्छ ऐकू येतो. मी म्हणतो, "व्हय, शब्द दिला." कशाचा दिला ते मला आठवत नाही. डब्याची सगळी बटणं फिरवून पाहिली, तिचा एक शब्द हाती लागला नाही. बाळाबाईला विचारता आलं असतं, पण ते तिनं फक्त मला सांगितलेलं होतं, आता मला ऐकू येत नाही तर आधी तुलाच कळावं असं वाटलं. तू एकटी असताना ऐक आणि ती काय मागत होती ते मला लिहून पाठव. माझ्याकडून ते राहून गेलं असेल तर मला वाईट वाटेल म्हणून एक अक्षर बदलू नकोस.

तुझेच,
अण्णा